दुहेरी काचेची खिडकी: तळाशी पाणी तुंबू देऊ नका

दोन काचांच्या मध्ये धुरकट पडदा दिसायला लागला की सगळे काचेला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा काचेच्या खाली, चौकटीच्या तळाशी असतं. पाणी बाहेर जाण्यासाठी तिथे ठेवलेली भोकं धुळीनं, सिमेंटच्या कणांनी नाहीतर कुणीतरी 'गळतं म्हणून' भरलेल्या सिलिकॉननं बुजलेली असतात. पाणी तुंबतं आणि काचेची कड सबंध पावसाळा ओल्यात उभी राहते. म्हणून मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतील, तर देखभालीची सुरुवात या भोकांपासून करावी. काच पुसणं नंतर.

काचेची जोडी कशी बनते ते आधी पाहू, म्हणजे पुढचं पटेल. दोन काचांमध्ये चारी बाजूंनी एक पोकळ पट्टी असते, बहुधा ॲल्युमिनियमची. तिच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टी दोन्ही काचांना ब्यूटाइल या रबरासारख्या चिकट पदार्थानं चिकटवतात आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर देतात. ब्यूटाइल वाफ अडवतं, बाहेरचा थर काचा धरून ठेवतो. कड सतत पाण्यात राहिली की बाहेरच्या थराची पकड सैल होते, मग ब्यूटाइल उकलतं आणि वाफ आत जाऊ लागते. सुरुवातीला दाणे ती शोषून घेतात, त्यामुळे बराच काळ काहीच दिसत नाही. दाणे भरले की धुकं दिसतं. तोवर भोकं साफ करून ती काच वाचणार नसते, शेजारची मात्र वाचते.

ओल नेमकी कुठे आहे?

बोटानं पुसून बघा. खोलीच्या बाजूनं पुसलं गेलं तर दोष हवेत आहे: स्वयंपाकाची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, बंद एक्झॉस्ट. बाहेरच्या बाजूनं पुसलं गेलं तर काळजी नको. पावसाळ्यात एसी चालू असताना बाहेरची दमट हवा गार काचेवर घाम धरते, इतकंच. ब्रिटन-कॅनडात राहणाऱ्यांना हिवाळ्यात हेच उलटं, आतून दिसतं. दोन्हीकडून पुसूनही डाग तसाच राहिला तर ओल मध्ये आहे आणि काचेची जोडी बदलावी लागणार.

काचेला भोक पाडून आतली ओल सुकवून देणारे काही जण असतात. तो पैसा वाया जातो. कडेची उकललेली चिकटण आणि भरलेले दाणे तसेच राहतात, त्यामुळे धुकं परत येतं. काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) असेल तर ड्रिल लावताच तिचा चुरा होईल. कोपऱ्यात टफन्डचा छोटा शिक्का आहे का, ते आधी बघा.

भोकं साफ करणं

वर्षातून दोनदा करा: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा गणपतीच्या आधी. रस्त्याकडेचं घर किंवा जवळपास बांधकाम असेल तर आणखी एकदा.

ट्रॅक, म्हणजे शटर सरकतं ती तळाची पन्हाळी, कोरडा असतानाच कामाला लागा. आधी पाणी ओतलं तर धुळीचा चिखल होऊन तो भोकात बसतो. व्हॅक्यूमच्या बारीक तोंडानं माती ओढून घ्या, कोपरे जुन्या टूथब्रशनं खरवडा. आता पाणी बाहेर जाण्याची खालची फट शोधा. ती साधारण ५ मिमी रुंद आणि २५ ते ३० मिमी लांब असते. आतली आणि बाहेरची फट बहुतेक चौकटींत समोरासमोर नसतात, वारा थेट आत शिरू नये म्हणून मुद्दाम बाजूला सरकवलेल्या असतात. त्यामुळे सरळ तार घातली तर अडते. नायलॉनचा केबल टाय वापरा: तो वाकतो आणि प्लास्टिकला ओरखडे पाडत नाही.

मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ट्रॅकमध्ये सोडा. एक-दोन मिनिटांत ते बाहेरच्या बाजूनं निघून जायला हवं. पाणी तसंच साचून राहिलं तर बाहेरचं झाकण किंवा फट बुजलेली आहे. बाहेरच्या भिंतीला रंग देताना रंगारी बऱ्याचदा तिथे पुट्टी नाहीतर सिलिकॉन ओढून जातात. वरच्या मजल्यावर वाकून ते काढायला जाऊ नका, दोरावर काम करणाऱ्या माणसाला बोलवा. पाणी आतल्या भिंतीत उतरत असेल तर चौकटीचा खालचा सांधा उघडलेला आहे.

उघडणाऱ्या खिडकीच्या पल्ल्यातही अशा फटी असतात. पल्ला उघडून त्याची खालची कड बघा. काचेखाली आलेलं पाणी तिथून निघतं आणि काचेच्या आयुष्यासाठी हीच फट सगळ्यात महत्त्वाची.

नवी भोकं स्वतः पाडू नका. यूपीव्हीसी चौकटीच्या पोटात मजबुतीसाठी लोखंडी पट्टी असते. भोक त्या कप्प्यात गेलं की पाणी तिथे मुरतं आणि पट्टी गंजते.

भोकं मोकळी असूनही जोराच्या पावसात स्लायडिंगच्या ट्रॅकमधून पाणी उसळून आत येऊ शकतं. ताशी ७० किलोमीटरच्या आसपासचा वारा काचेवर आदळला की त्याचा दाब सुमारे २४ मिमी उंच पाण्याइतका असतो. तेवढं पाणी ट्रॅकमध्ये तोलून धरलं जातं. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी खोलीत येणारच, आणि वारा पडला की ट्रॅकमधलं पाणी आपोआप बाहेर जाईल. तेवढ्यासाठी ट्रॅक सिलिकॉननं भरू नका. तसं केलं की पाण्याला एकही वाट उरत नाही.

चाकं, ब्रश आणि रबर

शटर (सरकणारा पल्ला) जड जात असेल तर ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस घालायचं नाही, त्यावर धूळ बसून लुकण होते. ट्रॅक पुसून कोरडा ठेवा आणि सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा द्या. तरी जड असेल तर चाकांची उंची बघा. शटरच्या उभ्या कडेला, तळाजवळ, प्लास्टिकच्या बुचाखाली स्क्रू असतो. दुसऱ्या माणसानं शटर थोडं उचलून धरावं, मगच स्क्रू अर्धा फेरा फिरवावा. सगळं वजन चाकावर असताना जोर लावला की स्क्रूचं डोकं खराब होतं. शटर आणि चौकट यांच्यातली उभी फट वर-खाली सारखी झाली की थांबा.

चाक झिजलं असेल तर शटर काढावं लागेल. आधी वजन काढा: एक चौरस मीटर काच, एक मिमी जाडी, अडीच किलो. ७५ सेंमी रुंद आणि १२० सेंमी उंच शटरमध्ये ५-५ मिमीच्या दोन काचा असतील तर नुसती काचच साडेबावीस किलो भरते, भोवतीची चौकट धरून तीसच्या घरात जाते. एकट्यानं करायचं हे काम नाही. वरच्या ट्रॅकमध्ये शटर उचलू न देणारा ठोकळा असेल तर तो सोडवा, शटर वर उचला, खालची बाजू आत ओढून खोलीतच उतरवा. बसवल्यावर तो ठोकळा परत लावायला विसरू नका. उंच मजल्यावर शटर निसटण्यापासून अडवणारा तोच असतो.

शटरच्या कडेचा ब्रश दबून चपटा झाला की धूळ आणि आवाज दोन्ही आत येतात. जुन्याचा तुकडा दुकानात घेऊन जा. पाठीच्या पट्टीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळायला हवी. उंची कमी पडली तर फट राहते, जास्त झाली तर शटर अडकतं.

रबराची परीक्षा उदबत्तीनं करा. पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर थोडा वारा असताना चौकटीच्या कडेनं उदबत्ती फिरवा. जिथे धूर वळतो तिथे फट आहे. फट बहुधा कोपऱ्यात सापडते, कारण बसवताना ताणलेलं रबर काही दिवसांनी आखडतं. म्हणून नवं रबर मापापेक्षा किंचित लांब, मीटरमागे साधारण एक सेंटीमीटर जास्त घ्या आणि ओढत नव्हे, दाबत बसवा. काळं ईपीडीएम रबर खनिज तेलानं फुगतं. त्याला फक्त सिलिकॉन स्प्रे.

बाहेर उघडणारे पल्ले

पल्ला बंद असताना मध्ये कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निघाली तर दाब कमी आहे. पल्ल्याच्या कडेला लॉकच्या गोल खुंट्या असतात. त्यांतल्या बऱ्याच मधोमध नसलेल्या, म्हणजे फिरवल्या की दाब बदलणाऱ्या असतात. ॲलन कीनं पाव फेरा द्या आणि पुन्हा कागद ओढून बघा. फार आवळलं तर हँडल फिरवायला जोर लागतो आणि आतली पट्टी तुटते.

हँडल बदलायचं असेल तर त्याच्या चौकोनी दांड्याची जाडी आणि पुढे आलेली लांबी मोजून घ्या. युरोपीय पद्धतीच्या हँडलला ७ मिमीचा दांडा असतो आणि स्क्रूंमधलं अंतर ४३ मिमी. लॉकच्या सरकत्या भागाला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. बिजागरीचा पल्ला वाऱ्यानं आपटत असेल तर सरकत्या भागावरचा घर्षणाचा स्क्रू थोडा घट्ट करा. या घासणाऱ्या जागी तेल घालायचं नाही, नाहीतर पल्ला जागेवर थांबत नाही. कोकण-गोव्यात समुद्राजवळ स्टेनलेस बिजागऱ्यांवरही तपकिरी डाग येतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुऊन पुसा.

भिंतीकडचा सांधा

गळती नक्की कुठून, हे ठरल्याशिवाय सिलिकॉनला हात लावू नका. पाइपनं खालून पाणी मारायला सुरुवात करा, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं थांबा, मग वर सरका. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

जुना थर पटाशीनं पूर्ण काढा. जुन्यावर नवा ओढला तर तो जुन्यासकट सुटतो. सिलिकॉन न्यूट्रल जातीचं आणि बाहेरच्या कामाचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन प्लास्टरवर नीट धरत नाही आणि धातू गंजवतं. फट खोल असेल तर आधी फोमची दोरी कोंबा, म्हणजे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटेल आणि ताणलं तरी फाटणार नाही. ६ मिमी रुंद आणि तितक्याच खोल सांध्याला २८० मिलीची एक नळी ७ ते ८ मीटर पुरते. भिंत वाळलेली हवी, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये उरका.

काचेची जोडी बदलणं

हे खोलीच्या बाजूनं बीडिंग (काच धरून ठेवणाऱ्या काढता येणाऱ्या पट्ट्या) असलेल्या खिडकीतच घरी करावं, तेही दोन माणसांनी, जाड हातमोजे घालून. बीडिंग बाहेरून असेल किंवा काच मोठी असेल तर कारागीर बोलवा.

बोथट पट्टी लांब बीडिंगच्या मध्यावर घालून हळूच उचला. मध्यावर बीडिंग वाकतं, कोपऱ्यात तुटतं. वरचं बीडिंग शेवटी काढा आणि तोवर दुसऱ्यानं काच धरून ठेवावी. प्रत्येक बीडिंगच्या मागे जागेचा नंबर लिहून ठेवा. काचेखालचे प्लास्टिकचे ठोकळे कुठे होते त्याचा फोटो काढा.

माप जुन्या काचेचंच घ्या, रुंदी आधी आणि उंची नंतर. काच फुटून गेली असेल तर चौकटीतली काच बसते ती खाच तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी माप धरा आणि दोन्ही दिशांनी १० मिमी वजा करा. जाडी एकूण सांगा आणि फोडूनही सांगा: ५-१२-५ म्हणजे ५ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ५ मिमी काच, एकूण २२. एक मिमीही जास्त झाला तर बीडिंग बसत नाही. टफन्ड काच बनल्यावर कापता येत नाही, त्यामुळे मापाची चूक म्हणजे नवी काच. उष्णता अडवणारा लेप असलेली काच आहे का, हे लायटरच्या ज्योतीनं कळतं. काचेत चार प्रतिबिंबं दिसतात आणि लेपाच्या पृष्ठभागावरचं वेगळ्या रंगाचं असतं. ते कितवं, हे लिहून ठेवा आणि नवी काच त्याच तोंडानं बसवा.

महाबळेश्वरसारख्या उंचावरच्या घरासाठी काच मुंबईत बनवून घेत असाल तर बनवणाऱ्याला तसं सांगा. सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरचा दाब बराच कमी होतो, आत कोंडलेली हवा काचांना फुगवते आणि कडेच्या चिकटणीवर कायमचा ताण येतो.

बसवताना काच कधीही थेट चौकटीवर टेकू नये. स्थिर खिडकीत तळाशी दोन ठोकळे, प्रत्येकी कोपऱ्यापासून ८ ते १० सेंमी आत. बाजूला बिजागरी असलेल्या पल्ल्यात एक ठोकळा बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात आणि एक त्याच्या तिरप्या समोर, हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात. त्यानं काचच पल्ल्याला तोलून धरते आणि तो झुकत नाही. ठोकळा दोन्ही काचांखाली पूर्ण यायला हवा. फक्त एकीखाली आला तर दुसरी काच लोंबकळते आणि चिकटण ताणली जाते. ठोकळ्यानं पाण्याची फट झाकली जात नाही ना, हे काच बसवण्याआधी बघा. मग आखूड बीडिंग आधी, लांब शेवटी, हातानं किंवा रबरी हातोडीनं.

नव्या काचेवर गडद फिल्म लावायची असेल तर आधी काच बनवणाऱ्याला विचारा. फिल्मनं काच तापते, चौकटीत झाकलेली कड तुलनेनं गार राहते आणि टफन्ड नसलेली काच तडकते. अशी तड कडेशी काटकोनात सुरू होते. तशी दिसली तर दगड शोधत बसू नका, उन्हाचा भाग बघा.