किनाऱ्यावर परके सरडे पसरत आहेत का, हे कसे तपासावे

मालवाहतुकीतून, शोभेच्या कुंड्यांतून किंवा पाळणाऱ्याने सोडून दिल्यामुळे आलेला परका सरडा सहसा थेट नैसर्गिक किनाऱ्यावर पोहोचत नाही. बंदराचा परिसर, रोपवाटिका, वाहनतळ, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड अशा ठिकाणी तो आधी बस्तान बसवतो आणि मग लगतच्या वाळूच्या टेकड्यांवर, झुडपांत, खारफुटीत शिरतो. म्हणून वस्ती संपून पुळण किंवा झाडोरा जिथे सुरू होतो, त्या कडेवर पाहणीचा भर असावा. सरडा आत खोलवर दिसेपर्यंत वाट पाहिली, तर त्याला हटवण्याची संधी बहुधा हातची गेलेली असते. क्यूबा आणि बहामा बेटांवरचा तपकिरी अनोल हा छोटा सरडा अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज या बेटांवर १८८७ मध्ये नोंदला गेला; आज तो फ्लोरिडा द्वीपकल्पात सर्वत्र आढळतो.

पाहणीला निघण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरचे मूळचे सरडे, पाली आणि सापसुरळ्या नीट ओळखता आल्या पाहिजेत, कारण स्थानिक प्राण्यालाच परका ठरवणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे. रंगावर विसंबू नये. तो वय, लिंग आणि उन्हानुसार बदलतो. डोक्याची बाजू, वरून दिसणारी पाठ आणि पायाची बोटे असे तीन स्वतंत्र फोटो घ्यावेत. अनोलच्या बोटांखाली रुंद, चिकटून धरणारी गादी असते. तपकिरी अनोलचा नर गळ्याखालची त्वचा पंख्यासारखी उघडतो, तेव्हा तिचा लालसर-नारिंगी रंग आणि फिकट कड स्पष्ट दिसते, तर मादीच्या पाठीवर बहुधा फिकट, नागमोडी पट्टा असतो.

त्यानंतर वस्तीच्या कडेपासून नैसर्गिक भागात जाणारी एक वाट कायमची ठरवून घ्यावी आणि प्रत्येक वेळी त्याच वाटेने, त्याच गतीने चालावे. सरडे ऊन खायला बाहेर येतात ती सकाळची वेळ उत्तम. थंडी, पाऊस किंवा जोराचा वारा असताना केलेली पाहणी फसवी ठरते. प्रत्येक नोंदीत ठिकाण, वेळ, हवामान, प्राणी कशावर बसला होता आणि पिल्ले दिसली का, एवढे हवेच. निरनिराळ्या आकारांची पिल्ले दिसली, तर तिथे प्रजनन सुरू असल्याचा तो भक्कम संकेत असतो. एकही सरडा दिसला नाही, तरी तशी नोंद करावी. पुढे प्रसाराची सीमा कोणत्या वर्षी सरकली, हे याच रिकाम्या नोंदी सांगतात, आणि नेमक्या त्याच बहुतेक लोक लिहीत नाहीत. रात्री विजेरी घेऊन झुडपे पाहणेही उपयुक्त असते, कारण फांदीच्या टोकाला किंवा पानावर झोपलेला अनोल प्रकाशात फिकट उठून दिसतो.

सरड्यांबरोबर इतर जिवांकडेही लक्ष ठेवावे. जपानच्या ओगासावारा बेटांपैकी चिचिजिमा आणि हाहाजिमा येथे हिरव्या अनोलने दिवसा वावरणाऱ्या स्थानिक कीटकांची वाताहत केली; २०१३ मध्ये तो शेजारच्या अनिजिमावर आढळताच चिकट सापळे आणि कुंपणे उभारण्यात आली. फ्लोरिडात हिरवा इग्वाना हा मोठा परका सरडा किनाऱ्यावरच्या सागरगोट्याची पाने खातो, आणि दुर्मीळ ‘मायामी ब्लू’ फुलपाखराच्या अळ्या त्याच झुडपावर वाढतात. तेव्हा कोवळे शेंडे खाल्लेले दिसले, तर त्याचाही फोटो घ्यावा. मात्र पक्ष्यांची घरटी असलेली पुळण विणीच्या काळात टाळावी. आपल्या चाहुलीने उडालेल्या पक्ष्याची अंडी उन्हात उघडी पडतात.

सरडा स्वतः पकडू किंवा मारू नये. शेपूट धरली, तर अनेक जाती ती तोडून निसटतात, ओळख चुकली असेल तर स्थानिक जीव नाहक मरतो, आणि कित्येक ठिकाणी परवान्याशिवाय असे करणे गुन्हाही असतो. फोटो आणि अचूक ठिकाण वन्यजीव विभागाला किंवा जवळच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाला त्याच दिवशी कळवावे. मोजक्याच सरड्यांची वसाहत हटवणे शक्य असते, पसरलेली क्वचितच हटते. किनाऱ्यालगत लावण्यासाठी कुंड्या आणल्या असतील, तर लावणीपूर्वी माती मोकळी करून अंडी आहेत का ते पाहावे. तपकिरी अनोलची अंडी काही तास समुद्राच्या पाण्यात बुडूनही जगू शकतात, त्यामुळे भरतीचे पाणी येते म्हणून ती जागा सुरक्षित आहे, असे धरून चालू नये.