‘द सॉर्सरर’चा प्रयोग बसवताना

प्लोव्हरले गावाला चहातून प्रेमाचं औषध पाजलं जातं, ही गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या या ऑपेराची गोष्ट. आधी संहिता ठरवा. मूळ प्रयोग १८७७चा; १८८४मध्ये तो परत आला तेव्हा दुसऱ्या अंकाची सुरुवात बदलली. औषधाचा अंमल अर्ध्या तासाऐवजी बारा तासांनी, मध्यरात्री दिसू लागला आणि स्थळ पहिल्या अंकातलंच राहिलं, उमराव सर मार्मड्यूकच्या वाड्यासमोरचं. हीच आवृत्ती घ्या: नेपथ्य एकच लागतं, फक्त दुपारची चांदणी रात्र करायची. मूळ कृतीवर आता स्वामित्वहक्क नाही. वाद्यवृंदाच्या नव्या संपादित प्रतींचं भाडं मात्र विचारून घ्या.

हे औषध देणारा वेल्स मांत्रिक असला तरी मुळात दुकानदार आहे. त्याला गूढ आवाज दिला की विनोद मेलाच. त्याच्या झपाट्याच्या गाण्याला पहिला आठवडा सूर लावूच नका. मेट्रोनोमवर, म्हणजे ठेका मोजणाऱ्या यंत्रावर, नुसतं बोलून घ्या, श्वासाच्या जागा पेन्सिलीनं लिहा. व्यंजनं गिळली जाऊ लागली की लय उतरवा.

चहाच्या किटलीत औषधाच्या तीन कुप्या रिकाम्या होतात, तीनदा लखलखाट होतो. त्यासाठी कोरडी किटली वेगळी ठेवा, आत बॅटरीवरचा एलईडी. बटण दाबणाऱ्यानं नटाकडे न पाहता स्वरलिपी वाचावी. हात पाहून दाबलं की उजेड हमखास उशिरा पडतो. आधी रंगमंच पुरेसा अंधारा हवा. प्यायला कोमट पाणी, पाव कपच. दुधाचा चहा नको, घसा चिकटतो. औषध मागवणारा सर मार्मड्यूकचा मुलगा अलेक्सिस, त्याची वाग्दत्त वधू अलीन आणि वेल्स पीत नाहीत, म्हणून त्यांना कप देऊ नका; मागच्या रांगेलाही ते कळलं पाहिजे.

मध्यंतरानंतर औषधाच्या गुंगीत फक्त गावकरी जमिनीवर झोपलेले असतात. बड्यांना सभ्यपणे घरी नेऊन निजवलेलं असतं. प्रत्येकाची जागा चिकटपट्टीनं आखा, नाहीतर अंधारात उठताना पाय अडकतात.

शेवटी वेल्स लाल उजेडात जमिनीखाली जातो. ट्रॅपडोअर, म्हणजे रंगमंचातली उघडणारी फळी, असेल तर भोवती एक मीटरची रेघ मारा, खालच्या माणसाचा इशारा आल्याशिवाय फळी उघडू नका आणि रोज प्रयोगाआधी एकदा वजन टाकून पाहा. नसेल तर कोरसचं, म्हणजे समूहगायकांचं, कडं करून त्याला आडोशानं विंगेत काढा. धुराचं यंत्र कमीच चालवा: त्याचा ओशट थर फळ्यांवर बसतो आणि कोरसचा पाय घसरतो.