बातमीतला फोन आपल्या उन्हात कसा पारखावा

फैजपूरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. संध्याकाळी केळीच्या बागेतून परतणारी माणसं थांबतात. कुणाचा चार्जिंग जॅक गेलेला असतो, कुणाला नवीन टेम्पर ग्लास हवी असते. माझं काम होईपर्यंत बाकड्यावर फोनच्या बातम्या रंगतात. कोणती कंपनी काय आणतेय, कितीला आणतेय, कुणाच्या भाच्याने पुण्यात काय घेतलं. हसणं तर सतत चालू असतं.

ते हसणं मी कान देऊन ऐकते, कारण बातमी तपासायला त्याच्याएवढं जवळचं अवजार नाही. विनोद करणारा माणूस काय करतो? बातमीतला फोन उचलतो आणि आपल्या ओट्यावर, आपल्या बागेत आणून ठेवतो. तिथे तो शोभला नाही की हसू येतं. नवा फोन घ्यायचा असेल तर तुम्हीही असंच करा. कसं, ते माझ्या बाकड्यावरच्या उदाहरणांनीच सांगते.

सगळ्यात आधी बातमी कोणत्या जातीची आहे ते ओळखा. ‘येणार म्हणे’ ही एक जात. फोन अजून बाजारात नाही, कुठून तरी फोटो बाहेर आलाय, किमतीचा अंदाज बांधलाय. ती वाचायला मजेची, पण तिच्या भरवशावर खरेदी लांबवू नका. फुटका डिस्प्ले घेऊन चार-चार महिने बोटं कापून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. दुसरी जात ‘आला’ची, म्हणजे कंपनीने स्टेजवरून सांगितलेलं. तिसरी जात ‘वापरून पाहिला’ची. पैसे मोजायचे ते तिसरी वाचल्यावर, आणि लिहिणाऱ्याने निदान दोन आठवडे तरी फोन वापरलेला असावा.

तिसऱ्या जातीचं मोल २०१९च्या एप्रिलमध्ये दिसलं. सॅमसंगचा घडीचा फोन, गॅलेक्सी फोल्ड, परीक्षणासाठी काही पत्रकारांच्या हाती गेला आणि दोन-चार दिवसांत स्क्रीन बिघडल्याच्या बातम्या आल्या. काहींनी स्क्रीनवरचा पातळ थर वरचं प्लॅस्टिक समजून सोलून काढला होता, तो मुळात स्क्रीनचाच भाग होता. कंपनीने विक्री पुढे ढकलली आणि दुरुस्त फोन सप्टेंबरमध्ये आणला. आमच्या बाकड्यावर तेव्हा एक नाना म्हणाले, “आपल्याकडे हे झालंच नसतं. नव्या मोटरसायकलच्या सीटचं प्लॅस्टिक आपण फाटेस्तोवर काढत नाही.” सगळे हसले. नानांनी मुद्द्याचंच सांगितलं होतं: वस्तू माणसाच्या सवयीच्या हाती पडेपर्यंत तिची खरी परीक्षा होत नाही.

आता आकडे. दोनशे मेगापिक्सेल हा सध्याचा लाडका आकडा. तो खोटा नसतो, पण रोजच्या फोटोत तो तसाच उतरत नाही. असा कॅमेरा साधारणपणे सोळा बारीक ठिपके मिळून एक मोठा ठिपका करतो, म्हणजे रोजचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपास येतो. अंधारात उजेड जास्त मिळावा म्हणून हे करतात आणि ते योग्यच आहे. तेव्हा आकडा सोडा आणि दुकानात फोन हातात घेऊन दोन फोटो काढा. एक दुकानाच्या आतल्या कोपऱ्यातला, दुसरा दारातून बाहेरच्या उन्हातल्या माणसाचा. दुसऱ्या फोटोत चेहरा काळा पडला तर लग्नाच्या मांडवातही तसाच पडणार.

खोक्यावर ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं. रॅम म्हणजे चालू ॲप फोन जिथे उघडून ठेवतो ती झटपट जागा. त्यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ फोनच्या साठवणुकीतून उसने घेतलेले असतात आणि ती जागा रॅमपेक्षा कितीतरी हळू चालते. यावर आमच्याकडच्या एका मावशींनी मे महिन्यात जे सांगितलं ते मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: “घरात चार खोल्या, गच्चीवर चार खाटा टाकल्या, आणि पाहुण्यांना सांगायचं आठ खोल्यांचं घर आहे.” खोक्यावरचं ‘अधिक’ दिसलं की फक्त डावीकडचा आकडा वाचा.

किमतीची बातमी वाचताना कागद-पेन घ्या. मोठ्या अक्षरांत ‘पासून’ शब्द असतो. तो सगळ्यात कमी रॅमच्या फोनचा भाव. त्यातून ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट वजा केलेली असते, कधी जुना फोन बदलून देण्याची रक्कमही वजा केलेली असते. आमच्याकडे खातं जिल्हा बँकेत नाहीतर पतपेढीत. ते कार्ड आणायचं कुठून? म्हणून सूट खोडा, आपल्याला हवी ती रॅम धरा, आणि उरलेला आकडा खाली लिहा. तोच तुमचा भाव. क्रेडिट कार्डावरच्या बिनव्याजी हप्त्यातही साधारणपणे प्रोसेसिंग फी असते आणि बँक त्यात दाखवत असलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते. तीही ओळ त्याच कागदावर लिहा.

भाव फारच कमी दिसला तर २०१६चा फेब्रुवारी आठवा. २५१ रुपयांत स्मार्टफोन देऊ म्हणून फ्रीडम २५१ नावाची मोठी बातमी आली होती. नोंदणीला झुंबड उडाली आणि नोंदणी करणाऱ्या बहुतेकांच्या हाती फोन पडलाच नाही. त्या आठवड्यात एका आबांनी मला एवढंच विचारलं, “ताई, नुसता काच-डिस्प्ले कितीला बसवतेस?” मी भाव सांगितला. तो २५१च्या कितीतरी वर होता. आबा उठून घरी गेले, नोंदणी केली नाही. असला प्रश्न प्रत्येक स्वस्त वस्तूला विचारता येतो: हिचा एक सुटा भाग केवढ्याला मिळतो?

आता ऊन आणि पाणी. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या टेबलावर येणारं निम्मं नुकसान याच दोघांचं.

ॲपलने आपल्या आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलंय, ते आसपासच्या हवेचं. आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. बातमीतल्या बॅटरीची परीक्षा बहुतेक वेळा एसीच्या खोलीत झालेली असते. उन्हात फोन आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो.

मागच्या उन्हाळ्यात एक भाऊ फोन घेऊन आले. ट्रॅक्टरच्या पुढच्या काचेशी ठेवून चार्जिंगला लावायची सवय. मागचं झाकण एका बाजूने उचललेलं, फटीत नख जाईल एवढं. हीट गनने कड हलकेच गरम केली, प्लॅस्टिकचा ओपनर सरकवला, झाकण निघालं. आत बॅटरी उशीसारखी फुगलेली, चंदेरी कागद ताणून गुळगुळीत झालेला. फुगून तिने डिस्प्लेही पुढे ढकलला होता. मी बोटाने दाबलं नाही, चिमटाही लावला नाही. अशी बॅटरी टोचली तर पेट घेते. कनेक्टर आधी सोडवला, बॅटरीखालची चिकटपट्टी हळू ओढून ती बाहेर काढली आणि वाळूच्या डब्यात ठेवली. भाऊंना आधी फुगवटा दिसला होता, पण कव्हर घट्ट बसत होतं म्हणून त्यांनी तसंच वापरलं. तुमच्या फोनचं झाकण उचललेलं दिसलं तर त्याच दिवशी चार्जिंग बंद करा.

तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, माठाजवळच्या ओल्या फडक्यातही गुंडाळू नका. आत दव धरतं आणि उद्या बोर्डाला गंज चढतो. कव्हर काढा, सावलीत उलटा ठेवा, पंखा लावा. पुरे.

म्हणून बॅटरीची बातमी वाचताना किती हजार एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो, एवढंच बघू नका. तापल्यावर फोन काय करतो ते लिहिलंय का, ते शोधा. उन्हात स्क्रीन दिसते का, तेही. दुकानदाराला सांगून दुपारी बारा वाजता फोन दाराबाहेर न्या आणि व्हॉट्सॲपचा मेसेज वाचून बघा. तिथे वाचता आला तरच तो आपल्या कामाचा.

पाण्याचं ‘आयपी ६८’, म्हणजे फोन धूळ-पाणी किती झेलतो त्याचा दर्जा. यातला ६ धुळीचा, आणि धुळीसाठी तोच सर्वांत वरचा अंक. ८ पाण्याचा: एक मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात, कंपनी सांगेल तितकं खोल, तितका वेळ. चाचणी साध्या पाण्यात होते. फवारणीच्या पंपातलं औषध, ठिबकच्या टाकीतलं विरघळलेलं खत, साबण, हे काहीही त्यात धरलेलं नसतं. रबराची सील वापरून ढिली होते, आणि झाकण एकदा उघडून लावलं की पहिल्यासारखी राहीलच असं नाही. पाण्याने बिघडलेला सेट साधारणपणे वॉरंटीत बसत नाही, खोक्यावर ६८ छापलेलं असलं तरी. फोन पडलाच तर बंद करा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगला लावू नका आणि दुकानात आणा. तांदळाच्या डब्यात ठेवून दोन दिवस घालवू नका. तांदळाची भुकटी जॅकमध्ये शिरते आणि पाणी आतल्या आत बोर्ड खात राहतं.

बोटाचा ठसा हा आणखी एक बातमीत न येणारा विषय. केळीचा चीक बोटांना लागला की काळा डाग बसतो, कातडी खरखरीत होते. घड कापणाऱ्या एका दादांचा फोन दिवसातून दहादा उघडायचा नाही. बाकड्यावर कुणीतरी म्हणालं, “बायको ओळखते, कुत्रा ओळखतो, फोनच ओळखत नाही.” मी त्यांचा एकच अंगठा दोन वेळा नोंदवला: एकदा सकाळी धुतलेला, एकदा संध्याकाळी बागेतून आल्यावर. त्यानंतर अडलं नाही. नवा फोन बघायला जाल तर कामावरून तसेच जा, हात घासून नको.

कंपन्या एकमेकींना हसतात, त्या बातम्यांवर मात्र मन बदलू नका. २०१६मध्ये ॲपलने आयफोन ७मधून हेडफोनची खाच काढली. सॅमसंगने जाहिरातीत थट्टा केली आणि २०१९मध्ये नोट १०मधून स्वतःच ती खाच काढली. चार्जरचंही तेच: २०२०मध्ये आयफोन १२च्या खोक्यातून तो गेला, सॅमसंगने चिमटा काढला, आणि २०२१च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २१च्या खोक्यातही चार्जर नव्हता. तेव्हा खोक्यात काय आहे ते दुकानात उघडून बघा आणि चार्जर वेगळा घ्यावा लागत असेल तर त्याचे पैसे मघाच्या कागदावर मांडा. चार्जर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का असलेलाच घ्या. रस्त्यावरचा हलका चार्जर किती जॅक खातो ते मी रोज बघते.

एआयच्या बातमीला दोन प्रश्न पुरतात. आपल्या बोलीत विचारलं तर कळतं का? आणि रेंज गेली तर काय उरतं? ह्युमेन कंपनीची छातीवर लावायची एआय पिन २०२४मध्ये ६९९ डॉलरला आली, वर महिन्याची वर्गणी. २०२५च्या फेब्रुवारीत कंपनीने सेवा बंद केली, आणि कंपनीच्या सर्व्हरशिवाय ती पिन जवळजवळ निकामी. ऐकून एक आजी म्हणाल्या, “बाळाचा खुळखुळा तरी कुणाला न विचारता वाजतो.”

फोन किती वर्षं टिकणार, हे अपडेटवर ठरतं. गूगलने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने २०२४च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २४ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. स्वस्त फोनांत ही वर्षं कमी असतात, म्हणून आकडा विचारा. मोजणी फोन बाजारात आल्या दिवसापासून होते, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्त मिळतं, तेव्हा त्यातली दोन वर्षं वजा करा. आणि गावातल्या दुरुस्तीवाल्याला विचारा, याचा डिस्प्ले मिळतो का, किती दिवसांत. भुसावळ-जळगावला भाग नसेल तर मुंबईहून मागवावा लागतो आणि तोवर फोन कपाटात.

सगळं पटलं की पैसे देण्याआधी पाच मिनिटं अजून. जुना फोन घेत असाल तर फारच गरजेचं. डायलवर *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा, तो नंबर, असा मेसेज १४४२२ला पाठवा. फोन बंदी घातलेला किंवा दुहेरी नोंदीचा असेल तर उत्तरात कळतं. मेसेज पाठवताना विकणारा घाई करायला लागला तर फोन टेबलावर ठेवा आणि उठा.

बिल नंबरासकट पक्कं घ्या. तक्रार अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ लावा, बिल हातात असलं की बोलणं सोपं जातं. मी बिलाचा फोटो गिऱ्हाइकाच्या घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवते, कारण ज्या दिवशी बिल लागतं त्या दिवशी नेमका तोच फोन बंद असतो.