बँकिंग आणि कमर्शियल दावे: ज्युनिअर वकिलांनो, या चुका टाळा

या कामात येणाऱ्या नव्या वकिलाला युक्तिवादाची हौस फार. प्रत्यक्षात इथे प्रकरणं हातची जातात ती तारखांमुळे आणि कागदांमुळे.

साध्या दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, उशिरा दिली तरी कोर्ट बहुधा कॉस्ट (भरायची रक्कम) लावून दाखल करून घेतं. ही सवय कमर्शियल कोर्टात अंगाशी येते. समन्स बजावल्यापासून १२० दिवस झाले की कैफियतीचा हक्क संपला. चमणकर इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तसं स्पष्टच सांगितलंय. पक्षकार म्हणत राहतो, "साहेब, तडजोडीचं चाललंय." चालू द्या, पण कैफियत टाका.

वादीकडून असाल तर तातडीचा मनाई हुकूम खरोखर हवा आहे का, हे आधी ठरवा. नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळण्यापुरता अंतरिम अर्ज चिकटवणं कोर्टाच्या लगेच लक्षात येतं आणि दावाच फेटाळला जाऊ शकतो.

चेक न वटता परत आल्यावर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस गेलीच पाहिजे. त्यानंतर कोर्टात करायच्या तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, नोटिशीचा होत नाही. मुदत हुकलीच आणि चेकची ३ महिन्यांची वैधता अजून संपली नसेल, तर तो बँकेत पुन्हा टाका आणि नव्या मेमोवर नोटीस काढा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खातेउताऱ्याचा. शाखेचा गोल शिक्का म्हणजे पुरावा, असं बँकेचे अधिकारीसुद्धा मानतात. संगणकावरून काढलेल्या उताऱ्याला बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम २ए प्रमाणे व्यवस्थापकाचा दाखला लागतो, आणि संगणक सांभाळणाऱ्याचा वेगळा. ईमेल, व्हॉट्सॲपसाठी १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही. दाखला राहिलाच तर लगेच अर्ज करा. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या २०२० च्या खोतकर निकालानंतर योग्य प्रकरणात पुरावा चालू असताना तो दाखल करता येतो. शेवटच्या युक्तिवादापर्यंत थांबलात तर कोणी ऐकणार नाही.

उलटतपासात "तुम्ही खोटं बोलताय" अशा सूचना करत बसू नका. बँकेचा साक्षीदार बहुतेक वेळा कर्ज दिलं तेव्हा त्या शाखेत नसतोच. शाखेत कधी रुजू झालात? दाखल्यावर सही कोणाची? मग उतारा त्याच्या हातात द्या. अमुक तारखेला व्याजदर बदलला, त्याचं पत्र कर्जदाराला पाठवलं का? "रेकॉर्ड बघून सांगावं लागेल" हे उत्तर नोंदवलं गेलं की बसा. त्यापुढचा प्रश्न हमखास त्याला सावरायची संधी देतो. पण हे प्रश्न सुचायला उताऱ्याची ओळन् ओळ वाचलेली हवी, आणि हिशेब म्हटला की अंगावर काटा येणारे वकील काही कमी नाहीत. एखाद्या सीएसोबत दोन-तीन संध्याकाळी बसा.

थकीत कर्जासाठी बँकेनं सरफेसी कायद्याखाली तारण मालमत्तेचा ताबा घेतला, तर त्याविरुद्ध दिवाणी कोर्टात धावू नका. त्या कायद्याचं कलम ३४ आडवं येतं. डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज करायला ४५ दिवस असतात आणि ते चुकीच्या कोर्टात सहज निघून जातात.