गिटमधील मर्ज कॉन्फ्लिक्ट विचारपूर्वक कसा सोडवावा

दोन जणांनी आपापल्या ब्रँचमध्ये (कामाच्या स्वतंत्र शाखेत) एकाच फाइलमधील त्याच ओळी वेगवेगळ्या प्रकारे बदलल्या आणि पुढे त्या ब्रँच एकत्र करायची वेळ आली, की कोणता मजकूर ठेवायचा हे गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, स्वतः ठरवत नाही. ते मर्ज (एकत्रीकरण) मध्येच थांबवते आणि निर्णय आपल्यावर सोपवते. यालाच मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात; हा बिघाड नव्हे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिले, तेव्हापासून अनेकांचे काम एकत्र आणणे हेच त्याचे रोजचे काम आहे, आणि अर्थ न समजता अंदाजाने कोड जोडण्यापेक्षा थांबून विचारणे केव्हाही चांगले. म्हणूनच कॉन्फ्लिक्ट सोडवताना ‘माझे ठेवू की त्यांचे?’ असे न विचारता ‘दोघांना काय साधायचे होते?’ असे विचारावे.

मर्ज सुरू करण्यापूर्वी

आधी ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा देऊन पाहावे. कमिट न केलेले, म्हणजे गिटच्या इतिहासात न नोंदवलेले, बदल शिल्लक असतील तर ते कमिट करावेत किंवा ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवावेत. मर्ज फसल्यास ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ आपल्याला पूर्वस्थितीत नेते खरे, पण मर्जपूर्वी अर्धवट राहिलेले बदल ते जसेच्या तसे परत मिळवून देईलच याची खात्री नसते.

कॉन्फ्लिक्ट वाचताना

मर्ज थांबल्यावर पुन्हा ‘गिट स्टेटस’ द्यावे. ज्या फाइलींपुढे ‘बोथ मॉडिफाइड’ असे दिसेल, त्यांतील त्याच ओळींना दोन्ही बाजूंनी हात लागलेला असतो. एका बाजूने फाइल काढून टाकली आणि दुसऱ्या बाजूने ती बदलली, असेही घडते. तिथे फाइल का काढली हे संबंधिताला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फाइल उघडली की गिटने घातलेल्या खुणा दिसतात. नेहमीच्या मांडणीत फक्त दोन बाजू दाखवलेल्या असतात, मूळ मजकूर नसतो, आणि माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे. मूळ काय होते हे ठाऊक नसेल, तर कोणी काय बदलले हे कळणार कसे? यासाठी ‘गिट चेकआउट --कॉन्फ्लिक्ट=डिफ३’ या आज्ञेपुढे फाइलचे नाव द्यावे. मात्र त्या फाइलमध्ये सोडवणूक सुरू केली असेल तर ती पुसली जाते, म्हणून ही आज्ञा सुरुवातीलाच द्यावी. समजा, वाचनालयाच्या उशिराच्या दंडाचा हिशेब करणारी ओळ अशी दिसली:

<<<<<<< अवर्स
दंड = दिवस * ५
||||||| बेस
दंड = दिवस * २
=======
दंड = कमाल(०, दिवस - ७) * २
>>>>>>> देअर्स

मधला ‘बेस’ वाचताच चित्र स्पष्ट होते. आपण दर २ रुपयांवरून ५ रुपये केला. दुसऱ्याने दर तसाच ठेवून पहिल्या ७ दिवसांची सवलत दिली. कोणतीही एक बाजू जशीच्या तशी उचलली तर दुसऱ्याचा निर्णय गुपचूप नाहीसा होईल. योग्य ओळ दोन्हींपैकी एकही नाही:

दंड = कमाल(०, दिवस - ७) * ५

बदलामागचे कारण ओळीवरून कळत नसेल, तर ‘गिट लॉग --मर्ज -पी’ ही आज्ञा कॉन्फ्लिक्ट असलेल्या फाइलींना दोन्ही बाजूंनी स्पर्श करणारे कमिट त्यांच्या संदेशांसह दाखवते. तरीही शंका उरली तर ज्याने ते लिहिले त्याला फोन करावा. त्या पाच मिनिटांच्या बोलण्याने नंतरचा बराच शोध वाचतो.

मूळ मजकूर नेहमीच दिसावा असे वाटत असेल तर ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ हे सेटिंग ‘डिफ३’ करावे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या २.३५ या आवृत्तीपासून ‘झेडडिफ३’ हाही पर्याय आहे; त्यात दोन्ही बाजूंच्या सुरुवातीच्या व शेवटच्या समान ओळी कॉन्फ्लिक्टबाहेर काढल्या जातात.

एकच बाजू घ्यायची असेल तेव्हा

काही फाइलींत खरोखरच एक बाजू पूर्ण घ्यायची असते, उदाहरणार्थ चित्राची फाइल. तिथे ‘गिट चेकआउट --अवर्स’ (आपली बाजू) किंवा ‘--देअर्स’ (दुसऱ्याची बाजू) वापरावे. रिबेस करताना मात्र या दोन शब्दांचे अर्थ उलटतात: आपले कमिट दुसऱ्या ब्रँचवर नव्याने रचले जात असल्याने ‘अवर्स’ म्हणजे ती ब्रँच आणि ‘देअर्स’ म्हणजे आपले स्वतःचे काम. ही गोष्ट लक्षात न घेता मी एकदा दोन दिवसांची दुरुस्ती गमावली होती. रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटने ठेवलेल्या आपल्या मागच्या हालचालींच्या नोंदीत, जुना कमिट सापडला म्हणून ती परत मिळाली.

‘पॅकेज-लॉक.जेसन’सारखी (जावास्क्रिप्ट प्रकल्पातील पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी) यंत्राने तयार केलेली फाइल हाताने जोडत बसू नये. आधी ‘पॅकेज.जेसन’मधील कॉन्फ्लिक्ट सोडवावा आणि मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवून लॉक फाइल नव्याने तयार होऊ द्यावी.

मर्ज पूर्ण करताना

खुणा काढून फाइल जतन केली की ‘गिट अ‍ॅड’ करावे. या आज्ञेने गिटला एवढेच कळते की फाइल सोडवली आहे. ती बरोबर सोडवली का, हे ते तपासत नाही. त्यामुळे ‘गिट डिफ --कॅश्ड --चेक’ चालवून एखादी खूण चुकून राहिली नाही ना, हे पाहावे आणि मग सर्व चाचण्या चालवाव्यात. चाचण्यांचा आग्रह यासाठी, की सर्वांत घातक विसंगती गिटला दिसतच नाही. वरच्या उदाहरणात तिसऱ्या कोणी दुसऱ्या फाइलमध्ये ‘पहिल्या दिवसापासून दंड लागू’ अशी सूचना छापणारा कोड लिहिला असेल, तर ओळी वेगळ्या असल्याने मर्ज निर्विघ्न होईल आणि वाचकाला मात्र चुकीची सूचना जाईल.

चाचण्या पार पडल्या की ‘गिट कमिट’ द्यावे. संदेशाचा मसुदा गिट स्वतः तयार करते, पण त्यात आपली एक ओळ जरूर घालावी: ‘सात दिवसांची सवलत आणि नवा ५ रुपयांचा दर, दोन्ही ठेवले.’