लिनक्सवर हिरवा, विंडोजवर लाल: तीन सिस्टिमवरचा फुटलेला बिल्ड कसा दुरुस्त करावा

बिल्ड (कोड आपोआप जुळवून तपासण्याचा फेरा) लाल झाला, म्हणजे फेल झाला, की पहिला सल्ला ठरलेला: ‘री-रन मार, होईल.’ नेटवर्क अडखळलं असेल तर होतोही. पण तोच कोड लिनक्सवर हिरवा, विंडोजवर लाल, आणि दोनदा चालवूनही तसाच, तर तिसऱ्यांदा बटण दाबून काय वेगळं होणार? दुसरा सल्ला याहून वाईट: ‘विंडोजचा जॉब तात्पुरता बंद कर.’ असे तात्पुरते बंद केलेले जॉब (एकेका सिस्टिमवरची तपासणी) मी दोन-दोन वर्षांनी उघडलेत. आत काय काय साचलेलं असतं ते विचारू नका.

मी गिटहब अ‍ॅक्शन्स (गिटहबची, बिल्ड आपोआप चालवणारी सेवा) धरून लिहितोय, कारण रोज तेच हाताखाली असतं. गिटलॅब किंवा जेन्किन्स वापरत असाल तर सेटिंगची नावं बदलून घ्या, दुखणी तीच आहेत.

पायरी 1. फेल-फास्ट बंद करा

मॅट्रिक्समध्ये, म्हणजे एकच काम अनेक सिस्टिमवर चालवायच्या यादीत, ही सेटिंग आपण काही न लिहिताही चालू असते. एक जॉब पडला की बाकीचे अर्ध्यावर रद्द होतात, आणि बिघाड एकाच सिस्टिमवर आहे की तिन्हीकडे, हे कळायचा मार्गच राहत नाही.

पायरी 2. लॉग वरून खाली वाचा

शेवटची लाल ओळ ‘एक्झिट कोड 1’ म्हणते, त्यातून काही कळत नाही. पहिली चूक शोधा, तिच्या वरच्या वीस ओळीही वाचा.

पायरी 3. कालचा हिरवा लॉग शेजारी ठेवा

कोडला कुणी हात लावला नाही आणि तरी बिल्ड फुटला, तर खालची जमीन सरकलेली असते. जॉबच्या अगदी सुरुवातीला रनरच्या (जॉब चालवणाऱ्या मशिनच्या) इमेजची, म्हणजे त्यावरच्या तयार सिस्टिमची, आवृत्ती छापलेली असते, ती दोन्ही लॉगमध्ये ताडून पाहा. ‘लेटेस्ट’ हे लेबल कायम एकाच आवृत्तीकडे बोट दाखवत नाही. 2024 मध्ये मॅकचं ‘लेटेस्ट’ इंटेलवरून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर गेलं, आणि इंटेलसाठीच्या तयार बायनरी उतरवून घेणारे कितीतरी बिल्ड कोडमधली एक ओळही न बदलता पडले. आवृत्तीचा आकडा लिहा आणि बदलायचा तेव्हा स्वतःच्या हाताने बदला.

कॅशच्या (पुन्हा वापरायला साठवलेल्या फाइलींच्या) किल्लीत ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि लॉक फाइलचा (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीचा) हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या.

पायरी 4. ओळीचा शेवट तपासा

इथे थांबायचंय. माझा दीड दिवस याच पायरीत गेला.

लिनक्सच्या जॉबमध्ये एक साधी शेल स्क्रिप्ट (ओळीने चालवायच्या कमांडची फाइल) चालत नव्हती. लॉग म्हणत होता, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर होती! त्याच जॉबमध्ये त्या फोल्डरची यादी छापून पाहिली, यादीत ती दिमाखात बसलेली. मी पाथ बदलला, पूर्ण पाथ दिला, परवानग्या बदलल्या, फाइलचं नाव बदललं, शेवटी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली. दर वेळी नवा कमिट (बदलाची नोंद), नवा पुश (ती सर्व्हरवर पाठवणं), पाच मिनिटं वाट आणि तेच वाक्य.

ते वाक्य खोटं नव्हतं, ते दुसऱ्याच फाइलबद्दल होतं. विंडोजवर ओळ दोन अक्षरांनी संपते: कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड (मिळून ‘सीआरएलएफ’), म्हणजे कोड 13 आणि 10. लिनक्स आणि मॅकवर फक्त 10 (‘एलएफ’). आमच्यातल्या एकाच्या एडिटरने ती स्क्रिप्ट विंडोज पद्धतीने सेव्ह केली होती. त्यामुळे ‘ही स्क्रिप्ट बॅशने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे शेलने) चालव’ असं सांगणाऱ्या पहिल्याच ओळीच्या शेपटीला एक अदृश्य 13 चिकटला. लिनक्स बॅश शोधतच नव्हतं, ‘बॅश आणि त्यापुढे एक कॅरेज रिटर्न’ अशा नावाचा प्रोग्रॅम शोधत होतं. तो कुठून सापडणार?

म्हणून असलेली फाइल ‘नाही’ म्हणणारा लॉग दिसला की पाथला हात लावू नका. त्याच जॉबमध्ये ‘कॅट’ला मायनस ई लावून फाइल छापा. ही खूण लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे चालते. ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह दिसलं तर ठीक. डॉलरच्या आधी टोपीवाला एम (^M) दिसला तर चोर सापडला.

याच दुखण्याचं दुसरं तोंड विंडोजवर दिसतं, आणि तिथे लोक आणखी फसतात. रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) सगळं व्यवस्थित असतं, पण विंडोजच्या रनरवरचं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) चेकआउट करताना, म्हणजे फाइली डिस्कवर उतरवताना, आपण होऊन 13 घालतं, कारण तिथे ‘ऑटोसीआरएलएफ’ ही सेटिंग चालू असते. मग फाइलचा हॅश जुळत नाही, स्नॅपशॉट टेस्ट (जतन केलेल्या निकालाशी ताडणाऱ्या) पडतात, लिंटर (कोडची शैली तपासणारा प्रोग्रॅम) प्रत्येक ओळीवर तक्रार करतो. आठशे चुका दिसल्या की माणूस घाबरतो. चूक एकच असते.

दोन्हींतलं नेमकं कोणतं, हे ‘गिट एलएस-फाइल्स’ला ‘ईओएल’ हा पर्याय दिला की कळतं. प्रत्येक फाइलपुढच्या नोंदींतल्या दोन बघा: आय म्हणजे गिटने आत साठवलेली प्रत, डब्ल्यू म्हणजे डिस्कवरची. आयपुढे सीआरएलएफ असेल तर घाण रेपोतच गेलीय. आयपुढे एलएफ आणि डब्ल्यूपुढे सीआरएलएफ असेल तर चेकआउटने घोळ घातलाय.

आता उपाय. ‘सगळ्यांनी आपापल्या मशिनवर ऑटोसीआरएलएफ बदला’ हा सल्ला मी अजून ऐकतो आणि अजून चिडतो. टीममध्ये नवा माणूस आला की त्याचं मशिन कोरं असतं, आणि रनर तर दर वेळी नवाच असतो. पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्यांत) दर वेळी ‘डॉसटूयुनिक्स’ हा 13 काढणारा प्रोग्रॅम चालवणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. नियम रेपोत राहायला हवा. मुळाशी ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल ठेवा. पहिल्या ओळीत सर्व फाइलींसाठी ‘टेक्स्ट’ची किंमत ‘ऑटो’ आणि ‘ईओएल’ची ‘एलएफ’. त्याखाली विंडोजच्या बॅच फाइलींना सीआरएलएफची सूट, आणि चित्रं, फाँट वगैरे ‘बायनरी’ म्हणून. ‘ऑटो’ हा शब्द गाळून सरसकट ‘टेक्स्ट’ लिहू नका, नाहीतर गिट तुमची चित्रंही मजकूर समजून बदलेल.

मग ‘गिट अ‍ॅड’ला ‘रीनॉर्मलाइज’ हा पर्याय देऊन सगळ्या फाइली एकदा सरळ करून घ्या. हा कमिट एकटाच हवा. मी पहिल्यांदा त्यातच एक छोटा बदलही ढकलला होता. हजारो बदललेल्या ओळींत तो कुणालाच दिसला नाही, आणि त्यातली चूक तीन आठवड्यांनी वर आली. ज्यांच्या ब्रँच (कोडच्या वेगळ्या चाललेल्या शाखा) उघड्या आहेत त्यांना आधी सांगा, नाहीतर मर्ज करताना, म्हणजे त्या मूळ कोडमध्ये मिसळताना, त्यांच्या शिव्या खाल. आणि या कमांडने डिस्कवरच्या फाइली बदलत नाहीत, फक्त गिटची आतली प्रत बदलते. काही न बदलल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, फोल्डर बाजूला ठेवून नव्याने क्लोन करा.

पायरी 5. लहान-मोठी अक्षरं

विंडोज आणि मॅकवर चालतं, फक्त लिनक्सवर ‘मॉड्यूल सापडत नाही’ येतं? फाइलचं नाव कॅपिटल एच ने आणि इम्पोर्ट (कोडमध्ये ती फाइल मागवणारी ओळ) स्मॉल एच ने असेल. पहिल्या दोघांना हा फरक सहसा चालतो, लिनक्सला नाही. नाव फाइंडरमध्ये किंवा एक्सप्लोररमध्ये बदलू नका, गिटला पत्ता लागत नाही. ‘गिट एमव्ही’ने आधी भलतंच नाव द्या, मग हवं ते.

पायरी 6. तिन्हीकडे एकच शेल

काही लिहिलं नाही तर लिनक्स-मॅकवर बॅश आणि विंडोजवर पॉवरशेल चालतं. पॉवरशेलमध्ये जॉबच्या एखाद्या पायरीतली मधली कमांड पडली आणि शेवटची पास झाली, तर बहुतेकदा सगळी पायरीच हिरवी दिसते. म्हणजे विंडोजचा हिरवा रंगसुद्धा तपासून घ्यायचा! तिन्हीकडे स्पष्टपणे ‘शेल: बॅश’ लिहा. विंडोजच्या रनरवर गिटसोबत आलेला बॅश असतोच. एवढं करूनही मॅक कुरकुरला, तर त्याचा मूळ बॅश अजून 3.2 आहे आणि त्याचा ‘सेड’ (मजकूर बदलणारी कमांड) लिनक्सच्या ‘सेड’पेक्षा वेगळा आहे, हे लक्षात ठेवा. ‘मायनस आय’नंतर (फाइल जागेवरच बदलायच्या पर्यायानंतर) त्याला बॅकअपच्या नावाचं शेपूट लागतं, रिकामं का असेना.

विंडोजच्या बाकी खोड्या झटपट: 260 अक्षरांहून लांब पाथ, ‘ऑक्स’ किंवा ‘कॉन’ (विंडोजने स्वतःसाठी राखलेली नावं) नावाच्या फाइली, नावातला कोलन, आणि कुणीतरी उघडी ठेवलेली फाइल पुसता न येणं.

पायरी 7. मजकूर मराठी असेल तर

पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) लिहिलं नाही, तर लिनक्सवर यूटीएफ-8 धरलं जातं. इंग्रजी विंडोजवर आजवर 1252 हे जुनं कोडपेज धरलं जात आलंय, आणि त्यात देवनागरी नाहीच. लॉगमध्ये ‘चारमॅप’ हा शब्द दिसला की हेच समजा आणि प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-8 लिहून टाका.

फाइलच्या नावात मराठी असेल तर आणखी एक गंमत. ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅक त्यांना एकच नाव मानतो, लिनक्स आणि विंडोज दोन वेगळी. माझ्या टेस्टच्या फोल्डरमध्ये ‘दऱ्या’ नावाची फाइल मॅकवर सापडायची आणि बाकी दोन्हीकडे हरवायची. तेव्हापासून मी मराठी फाइलच्या आत ठेवतो आणि फाइलींची नावं रोमन.

पायरी 8. घड्याळ

रनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ‘आजची तारीख’ तपासणारी टेस्ट फक्त रात्री 12 ते पहाटे साडेपाच या वेळात पडत असेल, तर दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा नाही. टेस्टमध्ये टाइमझोन ठरवून द्या.

पायरी 9. आवराआवर

फेल-फास्ट हवं असेल तर परत चालू करा, छापलेल्या याद्या काढून टाका. आणि मर्ज करण्याआधी ब्रँचवरचे ‘फिक्स’, ‘फिक्स 2’, ‘आता तरी चाल’ आणि ‘प्लीज’ हे कमिट एकात गुंडाळा.