आधी पासपोर्ट की आधी व्हिसा? कॅनडाला शिकायला जाताना या चुका टाळा

"पासपोर्ट पुढच्या जूनमध्ये संपतोय. आधी रिन्यू करू की आधी व्हिसाची फाइल टाकू?" उन्हाळा आला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी घरी येतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी पासपोर्ट. नव्या पासपोर्टामुळे व्हिसा मिळण्याची शक्यता वाढत नाही. पैशांचे कागद कच्चे असतील तर कोरं पुस्तक कुणाला वाचवत नाही. पण परवाना किती दिवसांचा मिळेल, हे मात्र पासपोर्टावर अवलंबून असतं.

कॅनडाचा स्टडी परमिट, म्हणजे तिथे राहून शिकण्याचा परवाना, साधारणपणे कोर्स आणि वर 90 दिवस असा मिळतो, पण पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे कधीच नाही. आमच्या शेजारची मुलगी दोन वर्षांच्या कोर्सला निघाली, तेव्हा पासपोर्टाचे दहा महिने उरले होते. मी दोनदा सांगितलं. घरचे म्हणाले, "आता कुठे वेळ घालवता, तिकडे जाऊन करेल." व्हिसा आला, सगळे खूश. टोरांटोच्या विमानतळावर हातात परमिट पडला आणि त्यावर पासपोर्टाचीच तारीख होती. ऐन परीक्षांच्या दिवसांत तिने तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नवा पासपोर्ट काढला, मग 150 डॉलर भरून परमिट वाढवायला टाकला. तात्पुरत्या रहिवाशांचा 9 ने सुरू होणारा सिन नंबरही (तिथे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) परमिटच्या तारखेलाच संपतो, त्यामुळे पार्टटाइम नोकरीतही नवे कागद मागितले. व्हिसाचा स्टिकरही संपला होता. तो नव्याने मिळेपर्यंत भारतात येऊन परत जाणं शक्य नव्हतं, आणि सख्ख्या भावाचं लग्न तिने फोनवर पाहिलं. चार आठवडे थांबली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून मी पासपोर्टाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने कोर्स संपण्याची तारीख लिहितो, त्यात 90 दिवस मिळवतो. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर फाइल बाजूला. संपायला वर्षभर राहिलं की री-इश्यूचा, म्हणजे रिन्यू करण्याचा, अर्ज करता येतो. 36 पानांचे 1500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2000. जुन्या पासपोर्टाचे उरलेले महिने नव्यात मिळत नाहीत, पण त्यासाठी रडू नका.

दुसरी चूक याहून वाईट: रिन्यू करतोच आहोत तर नावही 'नीट' करून घेऊ. दीपालीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ई हवेत, वडिलांचं नाव काढून टाकू, लग्नानंतरचं आडनाव लावू. अहो, दहावीच्या सर्टिफिकेटपासून डिग्रीपर्यंत, इंग्रजीच्या परीक्षेपासून कॉलेजच्या प्रवेशपत्रापर्यंत सगळीकडे जुनं नाव आहे! एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. खरंच चूक असेल तर ती व्हिसाच्या वर्षभर आधी दुरुस्त करा. ऐन वेळी फक्त मुदत वाढवा, बाकी अक्षरालाही हात लावू नका. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीसाठी घरी कुणीतरी असू द्या.

व्हिसाचा अर्ज टाकल्यावर पासपोर्ट रिन्यू केला तर पासपोर्टाचा नंबर बदलतो. गप्प बसू नका, नव्या पासपोर्टाची प्रत कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाला त्यांच्या वेबसाइटवरच्या वेबफॉर्मने लगेच पाठवा.

पाण्याने फुगलेला, शिलाई सुटलेला पासपोर्ट चिकटवून पुढे करू नका.

एजंट म्हणतो "चालतंय"? परमिटवरची तारीख तो भोगत नाही.

आणि कोपरा कापून परत दिलेला जुना पासपोर्ट रद्दीत टाकू नका. आधीच्या प्रवासांचे शिक्के त्यातच असतात, आणि अर्जात प्रवासाचा इतिहास विचारतात. मी दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकाच पाकिटात ठेवायला सांगतो, नवा वर, जुना खाली. ते पाकीट हँडबॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही.